शेवटची ओळ तुमची असायची

दयारामभाऊ, तुम्ही गेलात त्याला आज नऊ दिवस झाले. उद्या रविवारी तुमच्या आठवणीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. परवा तुमच्या प्रशांतचा फोन आला. म्हणाला, "काकू, तुमी दोन शब्द बोलजा. बाबाच्या बाजूले येवढे वर्स तुमीच बसल्या." मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भांडी घासायला घेते ती अर्धी ठेवते, कपडे वाळत घालायला जाते आणि बादली तशीच विसरून येते. शेवटी आज सकाळी कॉम्प्युटर उघडला. बोलणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या दोघांनाही अर्जच जमायचे.

काल कचेरीसमोर माझ्या टेबलापाशी एक माणूस आला. त्याचा कागद मुदतीत पोचला नव्हता, उशिराचा अर्ज करून पाहिजे होता. मी त्याला विचारलं, मुदत सोमवारी संपली, मग सोमवारी कुठं होता? मंगळवारी कुठं होता? बुधवारी? तो वैतागला. "बाई, तुमी भी दयारामभाऊवानी सुरू केलं काय?" मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं, कारण मला कळलंच नव्हतं की मी तुमच्यासारखं विचारते आहे. अर्ज झाला, प्रिंटरमधून कागद निघाला आणि माझा हात आपोआप डावीकडे गेला, तुमच्या टेबलाकडे. तिथं आता मोकळी जागा आहे. चौदा महिन्यांपासून मोकळी आहे, तरी हात जातोच.

ती शेवटची ओळ. साकोलीत आपल्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणारा प्रत्येक जण त्या ओळीसाठी येत होता, हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. मजकूर सगळा मराठीत. तुम्ही निळ्या पेनानं कच्चा लिहायचे, मी तो कॉम्प्युटरवर घ्यायची, प्रिंट काढून तुमच्याकडे सरकवायची. मग तुम्ही तो कागद तुमच्या त्या जुन्या इंग्रजी टायपिंग मशीनमध्ये गुंडाळून चढवायचे आणि खाली एकच ओळ ठोकायचे. 'डिले मे काइंडली बी कंडोन्ड.' अख्ख्या मशीनचं आयुष्य त्या एका ओळीवर चाललं होतं. मी म्हणायची, भाऊ, ही ओळ मीच टाकते ना, दोन सेकंदांचं काम. तुम्ही म्हणायचे, "मराठीत वाचता वाचता साहेबाचा डोळा घसरते. इंग्रजी आली का थांबते. अन् मशीनचा ठोका कागदाले मागून भी लागते, हात फिरवून पाहा."

तुम्हाला इंग्रजीत प्यायला पाणी मागता आलं नसतं. तुमचं सगळं इंग्रजी अर्जांमधून आलेलं, शे-दीडशे शब्दांचं. पण तेवढ्या शब्दांवर तुमची अशी मालकी होती की कॉलेज शिकलेली पोरं तुमच्यापुढं गप्प बसायची. आणि त्यातही हा एक. कंडोन. कॅलेंडरचं पान कव्हर म्हणून घातलेला तुमचा शब्दकोश मी पहिल्याच महिन्यात उघडून पाहिला होता. अर्थ दिला होता, क्षमा करणे, काणाडोळा करणे. मी म्हटलं, म्हणजे माफ करा, एवढंच ना? तेवढ्यासाठी इंग्रजीचा सोस कशाला?

आपलं पहिलं भांडण ते. आणि शेवटचंही त्याच शब्दावरून झालं.

"माफी माणसाले असते, बाई," तुम्ही म्हणाले होते. "हा शब्द दिवसाले असते." मला काही कळलं नाही. मग तुम्ही चहाचा ग्लास बाजूला ठेवून समजावलं होतं. माफी मागितली की मागणारा खाली जातो आणि देणारा वर चढतो. इथं तसं नाही. अर्जदार एवढंच म्हणतो, की साहेब, मधले हे इतके दिवस गेले, ते कसे गेले ते मी सांगितलं, आता ते उचलून बाजूला ठेवा आणि मी वेळेवर आलो असं समजून पुढं चला. "कोणी वाकत नाही याच्यात," तुम्ही म्हणालात. "दिवस उचलल्या जाते, बस."

म्हणून तर तुमची ती पद्धत. बाकीचे अर्ज लिहिणारे 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असं ठोकून मोकळे व्हायचे. तुम्ही मात्र माणसाला समोर बसवून एकेक दिवस विचारायचे. लोक वैतागायचे, घड्याळ पाहायचे, तुम्ही ढिम्म. जो दिवस सांगितला नाही तो उचलायला कसा सांगायचा, हा तुमचा हिशेब. एकदा एका मास्तरांनी तुम्हाला विचारलं, सगळं सांगून वर विनंती कशाला? तुम्ही म्हणालात, "सांगनं आपलं काम होय गुरुजी, उचलनं त्यायचं."

आणि तो दिवस आठवतो का, मी तुम्हाला मोबाईलवर दाखवलं होतं तो? या शब्दाची वाक्यं शोधली होती मी, जगभरातली. सगळीकडे एकच तऱ्हा. आम्ही हिंसा कंडोन करत नाही. असलं वागणं कंडोन करता येणार नाही. पुढारी, खेळाडू, मोठमोठे साहेब, जो तो हा शब्द 'नाही' लावूनच वापरत होता. मला वाटलं होतं, आज भाऊंची जिरली. पण तुमचा चेहराच उतरला. बराच वेळ तुम्ही मशीनच्या कळा फडक्यानं पुसत बसलात. मग म्हणालात, "म्हंजे सारं जग हा शब्द नाही म्हनायले वापरते? अन् आपन येवढे वर्स हो म्हना म्हनून वापरून राहिलो?" मी म्हटलं, हो. "मंग बरोबर हाय," तुम्ही म्हणालात, "कोणी तं वापरला पायजे ना." मी हसले तेव्हा. तुमची समजूत काढावी इतकं वाईट वाटलं होतं, पण हसले.

आता सीताबाईचं. ते टाळून चालणार नाही, कारण आपल्यात जे काही राहिलं ते तिथंच राहिलं आहे.

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून तिचं गाव. धान लोंबीवर आलेलं आणि एका रात्रीत रानडुकरांनी शेताच्या दोन बांध्या लोळवून टाकल्या. भरपाईचा अर्ज ठरलेल्या दिवसांत द्यायचा असतो, ती चार दिवस उशिरा आली. नवरा नाही, मुलगा दूर कामाला. तुम्ही तिला बसवलं आणि तुमचं सुरू झालं. पहिल्या दिवशी? नातवाले दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी? त्याच्याच जवळ होती. तिसऱ्या दिवशी? सातबारा सापडे ना.

"अन् चौथ्या दिवशी कोठी होत्या?"

"कोठीच नाही जी."

"घरी?"

"नाही. बांधीत."

"काय करून राहिल्या होत्या?"

"काही नाही जी. धुऱ्यावर बसली होती, बांधीच्या काठाले. दिवसभर बसली होती."

तुम्ही तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि निळ्या पेनानं लिहिलं, 'चौथ्या दिवशी अर्जदार शेताच्या धुऱ्यावर बसून होती.' मी म्हटलं, भाऊ, हे कोण मानेल? ही काय कारणाची तऱ्हा झाली? तुम्ही म्हणालात, "नुकसान झालेला मानूस एक दिवस बसनार नाही तं काय नाचंल?" मी म्हटलं, तुमचं खरं तुमच्याजवळ, तिचं काम नाही झालं तर? तुम्ही कच्चा कागद माझ्याकडे सरकवला आणि चहाला गेलात.

मी तो टाइप करायला घेतला. चौथ्या दिवसापाशी आले. समोर सीताबाई बाकावर बसलेली, पदरानं मान पुसत. मला वाटलं, हिची बांधी महत्त्वाची की याचा हट्ट? मी लिहिलं, 'चौथ्या दिवशी अर्जदारास ताप होता.' प्रिंट काढली. तुम्ही चहा पिऊन आलात, कागद घेतला, मशीनला चढवला. वाचला नाही. माझ्या हातचा कागद तुम्ही कधीच पुन्हा वाचायचे नाही. माझ्या तापाच्या खाली तुमची ओळ ठक ठक उमटली आणि मी दुसरीकडे पाहत राहिले.

अर्ज मंजूर झाला. महिन्याभरानं सीताबाई घरचे पोहे घेऊन आली, पिशवी तुमच्या टेबलावर ठेवली. "तुमी ताप लिवला ते बरं झालं जी. साहेबानं इचारलं, आता बरं हाय काय बाई. मी म्हनली, हो." एवढं बोलून ती बस पकडायला गेली.

तुम्ही पिशवीकडे पाहत होतात. मग माझ्याकडे वळलात. "तिले ताप कोणी देल्ला, बाई?"

ओरडला असतात तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्याशी भांडता येतं. तुम्ही इतक्या साध्या आवाजात विचारलं की मी पेटलेच. म्हटलं, मी दिला, आणि काम झालं की नाही? तुम्ही म्हणालात, "माझी ओळ होती त्याच्याखाली." त्यावर मी जे म्हणाले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. तुमच्या ओळीनं नाही झालं काम, दयारामभाऊ, माझ्या तापानं झालं. येवढी वर्षं तुम्ही नुसतं मशीन बडवता.

तुम्ही मशीनवर कव्हर घातलं. संध्याकाळी चहावाल्या रमेशला हाताशी घेऊन टेबल उचललंत आणि फाटकाच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानापाशी नेऊन मांडलंत. दुसऱ्या दिवसापासून तुमचा सगळा अर्ज हातानं आणि खाली मशीनची ओळ.

चौदा महिने, भाऊ. समोरासमोर वीस पावलांवर दोन टेबलं. लोकांना मजा वाटायची. कोणी मुद्दाम माझ्याकडून टाइप करून घ्यायचा आणि ओळीसाठी तुमच्याकडे जायचा. तुम्ही कागद पूर्ण वाचायचे, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत. ते मला इथून दिसायचं. तुम्हाला दिसावं म्हणून मीही मग नसलेलं काम काढून जोरजोरात कळा दाबायची. रमेश म्हणायचा, "तुमी दोघं म्हंजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही." मी त्यालाही सुनावलं होतं.

मी बरोबर होते का? खरं सांगते, मला अजून वाटतं की होते. तुम्ही लिहिलेलं गेलं असतं आणि साहेबानं नाही म्हटलं असतं, तर सीताबाईला तुम्ही काय सांगितलं असतं? याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत आणि आता देणारही नाही. पण दुसरीही गोष्ट आहे. कदाचित तो साहेब ती ओळ वाचून थांबला असता. कदाचित त्याच्याही घरचं कोणी कधी असं बसलं असेल. ते कळायची वाट मी बंद केली. आणि त्या बाईला ज्या दिवसाचं सगळ्यात जास्त दुःख होतं तोच दिवस मी तिच्या अर्जातून खोडला. वर तिला साहेबासमोर खोटं बोलायला लावलं. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल ते मला समजत नाही. रोज रात्री जेवताना मी एकदा तुमच्या बाजूनं बोलते आणि एकदा माझ्या.

मग रमेशनं सांगितलं, तुम्हाला नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. तो सोमवार होता. त्यानंतर तुम्ही अकरा दिवस होतात. तुमचं गाव साकोलीहून बसनं किती, तर वीस मिनिटं. मी आले बाराव्या दिवशी, तेही निरोप आल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, आणखी काय म्हणायचं याला? तुमच्या अंगणात सगळ्यांसोबत उभी राहिले. पंचशील म्हणताना चौथ्या ओळीपाशी, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीपाशी, माझे ओठ हललेच नाहीत. माझ्या बाजूची बाई माझ्याकडे पाहत होती. तिला वाटलं असेल, ही दुसऱ्या समाजाची आहे, हिला पाठ नसेल. पाठ आहे मला. येवढ्या वर्षांत तुमच्याकडच्या किती कार्यक्रमांना आले मी.

वहिनींनी मला आत नेऊन बसवलं. रागावल्या असत्या तर तेही समजलं असतं. त्यांनी पाणी दिलं. मी विचारलं, माझं नाव काढलं होतं का कधी? त्या म्हणाल्या, "नाही जी." मग रिकामा ग्लास उचलत म्हणाल्या, "पन रोज सकाळी इचारत, आज कोनता दिवस होय? मी सांगो, मंगळवार होय, बुधवार होय. आयकून घेत अन् मान हालवत." तुम्ही कोणाचे दिवस मोजत होतात, माझे की तुमचे, ते त्यांना माहीत नव्हतं आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, मशीन तुमीच घेऊन जा, इथं कोनाले येते? प्रशांतनं स्कूटरवर पुढं ठेवून ते माझ्या घरी आणून दिलं. आठ दिवस झाले, कव्हर काढलेलं नाही. काल त्या माणसाच्या अर्जावरही मी मराठीतच लिहिलं, विलंब क्षमापित करण्यात यावा. तो म्हणाला, "इंग्रजी ओळ नाही काय?" मी म्हटलं, ते गेले. त्यानं तो कागद घडी न करता दोन्ही हातांनी धरून नेला.

तर भाऊ, उद्या मी लोकांसमोर तुमच्या स्वभावावर दोन शब्द बोलणार नाही. मी अर्ज केला आहे. तुमच्या पद्धतीनं, एकेक दिवस सांगून.

पहिला दिवस, सोमवार. हाताखाली दोन अर्ज होते. उद्या जाऊ म्हटलं. दुसरा दिवस, मंगळवार. प्रिंटर बंद पडला. दुपारी बारालाच सुरू झाला होता, तरी दिवसभर प्रिंटरचंच नाव सांगितलं. तिसऱ्या दिवशी आंधळगावहून नणंद आली. चौथ्या दिवशी ती सकाळच्या बसनं परत गेली, त्यानंतर मी मोकळीच होते. पाचव्या दिवशी, तुमच्यासमोर आल्यावर पहिलं काय बोलायचं ते ठरवत होते आणि ते ठरलं नाही. सहाव्या दिवशी तुमच्यासाठी मोसंबी घेतली आणि ती घरीच राहिली. सातव्याचं शेवटी सांगते. आठव्या, नवव्या, दहाव्या दिवशी कारण एकच, की सातव्या दिवसाची लाज वाटत होती. अकराव्या दिवशी सकाळी साडी काढून ठेवली होती. हे खरं आहे, पण पुरावा नाही. संध्याकाळी रमेश सांगायला आला.

सातव्या दिवसासकट सगळं लिहून प्रिंट काढली. मग मशीनचं कव्हर काढलं आणि कागद चढवला. रिबीन अजून ओली आहे. बोटं कळांवर ठेवली आणि उचलली. ती ओळ अर्जदारानं स्वतः ठोकायची नसते, तुम्हीच म्हणायचे, आपला अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा. मी कागद तसाच बाहेर काढला. खाली ओळीपुरती जागा कोरी आहे, ती कोरीच राहील.

आता सातवा दिवस. रविवार होता, कचेरीला सुट्टी. मी सकाळच्या बसनं तुमच्या गावी आले. थांब्यावर उतरले. तिथून तुमचं अंगण दिसतं. वहिनी गोधडी वाळत घालत होत्या. दारात तुमची चप्पल होती. थांब्याच्या ओट्यावर टेकले, म्हटलं, दोन मिनिटं बसू आणि जाऊ. एक बस गेली, दुसरी गेली. दुपार झाली. वहिनींनी गोधडी काढून आत नेली. तिसरी बस आली आणि मी तीत चढले.

टाइप करताना या दिवसापाशी बोट अडलं होतं. 'अर्जदारास ताप होता' एवढं लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं. ताप नव्हता, भाऊ. सातव्या दिवशी अर्जदार तुमच्या घरासमोर बसून होती.